गोसीखुर्दवरची होडी हर्णैच्या समुद्रात नेण्यापूर्वी

लाखांदूर तालुक्यातून आलेल्या तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे : तुम्ही तिघे मित्र गेली ५ वर्षे गोसीखुर्दच्या जलाशयात १४ फुटी फायबरच्या होडीतून हौसेने गळ टाकता, होडीला ९.९ अश्वशक्तीचे इंजिन आणि १२ लिटरची टाकी आहे, आणि यंदा धानाचे चुरणे आटोपले की डिसेंबरात ती होडी गाडीवर लादून दापोलीजवळच्या हर्णैला न्यायची व सुरमई धरायची, असा तुमचा बेत आहे. त्यासाठी रॉड कोणता घ्यावा, दोरा किती ताकदीचा असावा, आमिष कोणते लावावे आणि किनाऱ्यापासून किती आत जावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः पवनी तालुक्यातला. नोकरीच्या निमित्ताने १९ वर्षे दापोली तालुक्यात राहिलो आणि त्यातली बहुतेक वर्षे एका सहकाऱ्याबरोबर १८ फुटी होडीतून हर्णै-अंजर्ल्याच्या पट्ट्यात सुटीच्या दिवशी गळाची मासेमारी केली. आता गावी परत आलो असलो तरी दर हिवाळ्यात आठ-दहा दिवस तिकडे जाणे होतेच. वैनगंगेचे पाणी आणि हर्णैचे पाणी ही दोन्ही मला जवळून माहीत आहेत आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मला जरा काळजी वाटली. तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टी दुकानात किंवा बंदरावर अर्ध्या तासात कळू शकतात. ज्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, ते म्हणजे परत कसे यायचे. जलाशयात हा प्रश्न कधी उभाच राहत नाही, म्हणून तो तुमच्या मनात आला नाही, हे मी समजू शकतो. समुद्रावर मात्र सगळा बेत परतीच्या वेळेपासून उलटा आखत यावा लागतो आणि गळ, दोरा, आमिष यांचा विचार त्यानंतर येतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. तुमच्या होडीचा तळ सपाट आहे की निमुळता, तिघे बसल्यावर तिचा काठ पाण्यापासून किती उंच राहतो, इंजिनाची निगा कशी आहे, त्या दिवशीचा वारा काय म्हणतो, यावर माझे उत्तर बदलेल. जे बदलणार नाही ते आधी मांडतो.

सर्वांत मोठा फरक पाण्याच्या पातळीचा आहे. गोसीखुर्दची पातळी आठवड्या-पंधरवड्यात वरखाली होते; सकाळी ज्या घाटावरून होडी लोटली तो घाट दुपारी तसाच असतो. कोकण किनाऱ्यावर मात्र साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीचे पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. दक्षिणेकडे जाऊ तसा हा चढउतार कमी होत जातो आणि हर्णैच्या आसपास उधाणाला तो अडीच-तीन मीटरांचा असतो असे धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी सर्वाधिक चढते-उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते कमी हलते, त्याला भांगाची भरती म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा तिकडचा जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता, दिवसा आणि रात्री, पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे होडी लोटायच्या दिवशी त्या बंदराचे छापील किंवा मोबाइलवरचे भरतीचे वेळापत्रकच पाहावे. पण घरी भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहून महिनाभर आधी बेत आखायला या पाऊणपटीइतकी सोय दुसरी नाही.

पाणी सहाही तास सारख्या वेगाने हलत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. एकूण चढउताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी हलते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. तीन मीटरांच्या उधाणात त्या दोन तासांत दर तासाला पाऊण मीटर पाणी उतरते. काठावर उभी ठेवलेली होडी तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत वाळूत रुतलेली असते, आणि तीन माणसांनी ढकलून ती हलत नाही.

याचा सर्वांत कठीण परिणाम खाडीच्या मुखावर दिसतो. हर्णैच्या उत्तरेला अंजर्ल्याची खाडी आहे. होडी उतरवायला ती सोयीची, आत पाणी शांत, म्हणून बाहेरून येणारा हौशी माणूस तिथेच येतो. पण या खाडीचे मुख गाळाने आणि वाळूने उथळ झालेले आहे. लाट ज्या पाण्यातून येते त्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीपर्यंत कमी झाली की लाट फुटते. भरतीला मुखावर अडीच मीटर पाणी असेल तर पाऊण मीटरची लाट होडीखालून नुसती निघून जाते. ओहोटीला तिथेच मीटरभर पाणी उरले की तीच लाट पांढरी होऊन कोसळते. सकाळी ज्या वाटेने तुम्ही गप्पा मारत बाहेर पडलात ती वाट दुपारी अस्तित्वातच नसते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. तिथी पंचमी होती, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि सकाळी दहाला ओहोटी; पण तेव्हा आम्ही हा हिशेब करत नव्हतो. उजाडण्याच्या जरा आधी, पाणी पुरेसे असताना, बाहेर पडलो, दोन चांगल्या तांबोशा मिळाल्या आणि साडेदहाला परत खाडीकडे वळलो. मुखासमोर डावीकडून उजवीकडे पांढऱ्या फेसाची सलग रेघ होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा पुढची एक लाट फुटून तिच्या पोटात तळाची काळपट वाळू ढवळलेली दिसली आणि सहकाऱ्याने काहीही न बोलता इंजिनाचा हात सोडून होडीचा काठ धरला. त्या क्षणी आम्ही होडी आत घातली असती तर ती आडवी होऊन उलटली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. सुदैवाने जाळे ओढून परतणाऱ्या एका वयस्कर कोळी बांधवाने आम्हाला पाहिले. त्याने हाताने समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याकडे खूण केली आणि जवळून जाताना एवढेच म्हणाला, "पाणी येऊ दे, मग जा." किल्ला आणि हर्णैचा किनारा यांच्यामधल्या आडोशाला आम्ही नांगर टाकला आणि अडीच तास थांबलो. पिण्याच्या पाण्याची एक बाटली दोघांत, टाकीत जेमतेम चार लिटर पेट्रोल, आणि दुपारचा वारा वाढत चाललेला. एक वाजता, तीन तासांची भरती चढल्यावर, आम्ही आत शिरलो, तेव्हा सकाळच्या फेसाच्या रेघेचा मागमूस नव्हता. त्या दिवसापासून तिथी पाहिल्याशिवाय मी होडीला हात लावलेला नाही.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण दिवस आणि वेळ ठरते ती पाणी आणि वारा या दोघांच्या जुळणीतून. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहतो. त्याला तिकडे मतलई म्हणतात. जमीन तापली की अकरा-बाराच्या पुढे वारा फिरतो आणि समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून, जोर धरतो. मतलईत एक फसवणूक आहे : ती पाठीमागून येते, त्यामुळे बाहेर जाताना समुद्र तळ्यासारखा वाटतो आणि इंजिन बंद केले तर होडी नकळत आत, खोल समुद्राकडे, सरकत राहते. गोसीखुर्दवर इंजिन बंद पडले तर वारा तुम्हाला केव्हातरी कुठल्यातरी काठाला लावतोच. मतलईत पश्चिमेला काठ नाही. याउलट दुपारचा वारा आणि खाडीतून बाहेर पडणारी ओहोटी समोरासमोर आली की मुखावर उभ्या भिंतीसारख्या, आखूड अंतराच्या लाटा उठतात. पाणी आणि वारा एकाच दिशेने जात असताना जो समुद्र सौम्य असतो तोच, दोघे एकमेकांविरुद्ध गेले की, छोट्या होडीला झेपत नाही.

जलाशयाची लाट वाऱ्याबरोबर उठते आणि वाऱ्याबरोबर बसते, म्हणून आपल्याकडच्या माणसाला वाटते की वारा नाही म्हणजे लाट नाही. समुद्रात शेकडो किलोमीटरांवरच्या वाऱ्याने उठवलेली लांब लाट इकडे पानही हलत नसताना येऊन पोचते. खोल पाण्यात ती जाणवतसुद्धा नाही. होडी हळूच वर जाते, हळूच खाली येते. तीच लाट खडकांवर आणि खाडीच्या मुखावर आली की तिचे खरे रूप दिसते. म्हणून वाऱ्याबरोबर लाटेच्या उंचीचा अंदाजही पाहावा. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र तो रोज प्रसिद्ध करते आणि हवामान विभाग मच्छीमारांसाठी वेगळा इशारा देतो. माझा स्वतःचा दंडक असा आहे की लाट मीटरभराच्या वर किंवा वारा ताशी २० किलोमीटरांच्या वर सांगितला असेल तर १८ फुटी होडीही बाहेर काढायची नाही. तुमच्या १४ फुटी होडीसाठी हे आकडे आणखी खाली आणावेत. डिसेंबर म्हणजे समुद्र शांतच, असेही धरू नका. २०१७ सालचे ओखी चक्रीवादळ नोव्हेंबरच्या अखेरीस उठून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रातून गुजरातच्या दिशेने वर गेले आणि तेव्हा कोकणातल्या होड्यांनाही बंदरांचा आसरा घ्यावा लागला.

पाणी आणि वारा एकत्र मांडले की तुमच्या दिवसाचे उत्तर आपोआप निघते. डिसेंबरात तिकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि अनोळखी किनाऱ्यावर अंधारात बाहेर पडणे मी कोणालाही सुचवणार नाही. वारा फिरण्यापूर्वी, म्हणजे अकरापर्यंत, परतायचे. या चार तासांत खाडीच्या मुखावर सतत पुरेसे पाणी हवे. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पहाटे साडेतीनला ओहोटी, सात वाजता निम्मे पाणी चढलेले, पावणेदहाला भरती, आणि अकरा वाजता ओहोटीचा पहिलाच तास सरलेला असल्याने मुखावर भरपूर पाणी आणि ओढ अजून मंद. द्वादशीही चालेल, मात्र तिची भरती नऊला असल्याने परत साडेदहालाच यावे. शुद्ध आणि वद्य मिळून महिन्यात असे चारच दिवस हातात येतात. तिघांच्या सुट्या जुळवताना हे चार दिवस आधी लिहून काढा आणि मग मुक्कामाची खोली ठरवा. उलट क्रमाने गेलात तर मुक्काम वाया जाऊ नये म्हणून चुकीच्या दिवशी बाहेर पडण्याचा मोह होतो. माझ्या पाहण्यातले निम्मे अपघात याच मोहातून झालेले आहेत.

होडीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल. आपल्याकडे जलाशयावर चालणाऱ्या १४ फुटी होड्या बहुधा सपाट तळाच्या आणि बुटक्या काठाच्या असतात, कारण बुडालेल्या झाडांच्या खुंटांमधून आणि गुडघाभर पाण्यातून त्या न्यायच्या असतात. तिथे तो गुणच आहे. समुद्राच्या लाटेवर असा तळ धाडकन आपटतो, आणि बुटक्या काठावरून आत आलेले पाणी मागच्या बाजूला, जिथे इंजिनाचे वजन आहे, तिथेच साचते. तुमची होडी अशी असेल तर ती खुल्या समुद्रात नेऊ नये, असे माझे मत आहे. खाडीच्या आत ती उत्तम चालेल आणि खाडीत जिताडा, तांबोशी, पालू हे मासे गळाला येतात. मरळीसाठी तुमच्याकडे असलेला सात फुटी रॉड आणि विणीचा दोरा जिताड्याला जसाच्या तसा चालतो. जिताडाही मरळीसारखाच आडोशाला दबा धरून बसतो आणि एकदम झडप घालतो, त्यामुळे तुमच्या हाताची सवय तिथे कामी येईल.

सुमारे हजार किलोमीटर होडी ओढत नेण्याआधी एक हिवाळा हर्णैला रिकाम्या हातांनी जावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. स्थानिक नाखव्याची, म्हणजे होडी चालवणाऱ्या कोळ्याची, होडी त्याच्यासकट दोन दिवस ठरवावी. तो कोणत्या खुणा धरून बाहेर पडतो, मुखाबाहेर थांबून लाटा कशा पाहतो, परतताना इंजिन कसे कमी-जास्त करतो, हे शेजारी बसून पाहावे. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मोठ्या लागोपाठ येतात आणि मग काही लहान. अनुभवी माणूस बाहेर दहा मिनिटे थांबून हा क्रम ओळखतो, मोठ्या लाटा जाऊ देतो आणि एका लाटेच्या पाठीवर राहून, तिच्या पुढे न जाता आणि मागच्या लाटेला स्वतःला गाठू न देता, आत येतो. लाटेच्या पुढे गेलेल्या होडीचे टोक खाली रुतते, मागचा भाग वर उचलला जातो आणि ती आडवी फिरते. हे वाचून शिकण्यासारखे नाही; पण काय पाहायचे हे माहीत असेल तर दोन दिवसांत पुष्कळ शिकता येते.

नांगराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जलाशयावरून गेलेल्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आपण दोरीला दगड बांधून सोडतो किंवा सरळ बुडालेल्या झाडाच्या शेंड्याला होडी बांधतो. समुद्रात दगड धरत नाही. घडीचा किंवा फाळाचा लोखंडी नांगर, त्याला दोन मीटर साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर लागतो. १२ मीटर पाण्यात ६० मीटर दोर. दोर लांब असला तरच ओढ आडवी लागते आणि नांगर तळात रुततो. उभ्या ओढीने तो उपटला जातो. आणि नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडूनच बांधावा. मी एकदा आळसाने मागच्या कडीला बांधला, कारण हाताशी तीच होती. होडीची पाठ लाटेकडे झाली, मागचा काठ सर्वांत खाली आणि इंजिनाच्या वजनाने आणखी दबलेला. दुसऱ्याच लाटेचे पाणी सरळ आत आले आणि पायाखालचा आमिषाचा डबा तरंगू लागला. सुरी हाताशी होती म्हणून दोर कापता आला. तेव्हापासून एक धारदार सुरी मी कायम नांगराच्या दोराशेजारी, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी, बांधून ठेवतो.

इंधनाचा नियम सोपा आहे : एक तृतीयांश जायला आणि मासेमारीला, एक तृतीयांश परतायला, एक तृतीयांश राखीव. तुमच्या ताकदीचे इंजिन आमच्याकडे मध्यम वेगाला ताशी तीन-साडेतीन लिटर पेट्रोल घेत असे. चालत्या होडीमागे आमिष ओढत सुरमई धरायची तर इंजिन सलग चालते; दोन तास तेच केले आणि अर्धा-अर्धा तास जाण्या-येण्याला धरला तरी नऊ-दहा लिटर सरळ लागतात. १२ लिटरच्या टाकीत राखीव काही उरतच नाही. दुसरी टाकी हवी, आणि ती भरलेली, जोडण्याजोगी, बांधलेली हवी. त्याचबरोबर दोन वल्ही, स्पार्क प्लग, पंख्याची तुटणारी पिन, पाणी उपसायला डबा आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी. ही दोरी जलाशयावर कोणी बांधत नाही, हे मी पाहिले आहे. माणूस पाण्यात पडून होडी त्याच्याशिवाय पुढे निघून जाणे, किंवा वळून त्याच्याच अंगावर येणे, या दोन्ही गोष्टी ती टाळते. परतल्यावर इंजिन दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्यावर चालवावे. खाऱ्या पाण्याचे मीठ आत वाळले की पुढच्या वेळी ते भर समुद्रात तापून बंद पडते.

जीवरक्षक जाकीट अंगात असले पाहिजे, बसायला घेतलेले चालणार नाही. पट्टीचा पोहणाराही खाडीच्या ओहोटीविरुद्ध फार वेळ टिकत नाही. जाकिटाला शिट्टी बांधा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक साठवा. मात्र मोबाइलचा संपर्क किनारा सोडल्यावर केव्हाही तुटू शकतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला आपण किती जण, कोणत्या बाजूला आणि किती वाजता परतणार हे सांगून निघणे अधिक भरवशाचे आहे. अकरा ठरले असेल आणि साडेबारापर्यंत आलो नाही तर त्याने फोन करायचा, इतके स्पष्ट.

किती आत जायचे, याचे उत्तर आता देता येईल : नाखवा बरोबर नसताना पहिल्या हंगामात एका सागरी मैलाच्या, म्हणजे १.८५ किलोमीटरच्या, पलीकडे नाही. सुरमई त्याहून आत जास्त मिळते हे खरे आहे. पण खडकांच्या आसपास तांबोशी आणि हेकरू किनाऱ्यापासून जवळच मिळतात, आणि त्यांच्यासाठी बांगड्याचा ताजा तुकडा, कोळंबी किंवा माकुल (स्क्विड) यांच्याइतके चांगले आमिष नाही.

सरंजामाविषयी फार लिहीत नाही. सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे असतात, म्हणून गळाच्या मागे हातभर पोलादी तार हवीच, नाहीतर दोरा कापला गेल्याचे हातालाही कळत नाही. मासा पहिल्या धावेत पन्नास मीटर दोरा सहज काढतो. रीलवर निदान २०० मीटर दोरा असावा आणि ड्रॅग, म्हणजे रीलवरच्या दोऱ्याचा ताण, इतका सैल असावा की त्याला धावू देता येईल. जलाशयावरचे रील चालेल, पण रोज संध्याकाळी ते गोड्या पाण्याने धुऊन पुसले नाही तर चौथ्या दिवशी आवाज करू लागेल.

मासा होडीत आल्यावर त्याला सरळ हात लावू नका. आपल्याकडे शिंगीचा काटा लागल्यावर हात कसा ठणकतो हे तुम्हाला माहीत असेल. समुद्रातली शेंगटी आणि पाकट (स्टिंग रे) यांचे काटेही विषारी असतात आणि पाकटाचा काटा खोल जखम करतो. काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. तसेच डॉक्टरांकडे जावे. उथळ पाण्यात होडी ढकलताना पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत न्यावेत, म्हणजे वाळूत पडलेली पाकट आधीच सरकते. कासव गळाला लागले तर ते न खेचता दोरा शक्य तितका जवळून कापून सोडून द्यावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली समुद्री कासवांना संरक्षण आहे, तसेच ते २००१ पासून देवमुशीलाही, म्हणजे व्हेल शार्कलाही, आहे.

कायद्याच्या बाजूने, राज्यात सागरी मासेमारीला १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे आणि पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. अनेक वर्षे ती १ जून ते ३१ जुलै अशी राहिली आहे, तरी त्या-त्या वर्षीचा आदेश पाहावा. तुमच्या होडीला कोणती नोंदणी आणि परवाना लागेल हे तिच्या आकारावर आणि वापरावर ठरते. मत्स्यव्यवसाय विभागाच्या आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन ते लेखी विचारून घ्या. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे, एक मासेमारी नौका बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. तिघांची ओळखपत्रे, होडीची आणि इंजिनाची कागदपत्रे बरोबर ठेवा आणि उतरण्याआधी सागरी पोलिसांना स्वतःहून कळवा.

कायद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट कोळीवाड्याची आहे. आपल्याकडे तलाव किंवा जलाशय ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो आणि त्यांना विचारल्याशिवाय आपण गळ टाकत नाही. हर्णैलाही त्याच रीतीने आधी बंदरावर जावे, कोणत्या बाजूला जाळी लावलेली आहेत ते विचारावे आणि पाण्यात बोया, म्हणजे जाळ्याची तरंगती खूण, दिसला की त्याला लांबून वळसा घालावा. पंख्यात अडकलेले जाळे कापावे लागले तर तुमची सकाळ जाते, पण त्या माणसाचा आठवडाभराचा घास जातो. मिळालेले मासे स्वतःच्या जेवणापुरते ठेवावेत आणि विकू नयेत. तो त्यांचा व्यवसाय आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी व्रत असते, त्या दिवशी पकडलेले मासे मुक्कामाच्या घरी शिजवायला सांगण्याआधी जरा विचारून घ्यावे.

थोडक्यात क्रम असा धरा. यंदा डिसेंबरात होडी गावीच ठेवून दोन दिवस नाखव्याबरोबर बाहेर जा. त्यानंतरचे दोन दिवस त्याला विचारून अंजर्ल्याच्या खाडीत, मुखापासून आत, काठावरून किंवा भाड्याच्या होडीतून जिताडा-तांबोशीसाठी बसा आणि त्याच वेळी दर तासाला मुखाकडे पाहून पाणी कुठे आहे ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी होडी न्यायची की नाही, ते त्या वहीवरून ठरवू.

तोवर एक काम गोसीखुर्दवरच करून ठेवा. शांत पाण्यात तिघे नेहमीच्या जागी बसा, इंजिन आणि भरलेली टाकी जागेवर असू द्या, आणि पट्टीने तीन ठिकाणी काठापासून पाण्यापर्यंतची उंची मोजा : नाळेशी, मध्यावर आणि इंजिनाच्या बाजूला. तळाचा एक फोटो होडी उलटी करून काढा. हे तीन आकडे आणि तो फोटो मिळाल्यावर तुमची होडी मुखाबाहेर न्यावी की नाही, हे मी आजच्यापेक्षा नेमकेपणाने सांगू शकेन.